गावचे पत्र, गावचे दप्तर

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला जगाची बातमी कोठेही कळते. परंतु आपल्या तालुक्यात मृगाचा पाऊस झाला की नाही, आठवडे बाजारात कांद्याला काय भाव आला, हायस्कुलातले कोणते जुने मास्तर वारले, हे गावच्या लहानशा पत्रावाचून कळत नाही. ते चार पानी पत्र बंगळुरात हाती पडले म्हणजे मन हळवे होते. आणि ते अग्रलेखाने नव्हे, शेवटच्या पानावरील निधनवार्तेने होते. या हळवेपणाला आपण केवळ गावची ओढ समजतो. पण ज्या मजकुराने आपण व्याकुळ होतो, तोच उद्याच्या इतिहासकाराचा ऐवज आहे.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. ही विद्या पुढे मुंबईपुरती राहिली नाही. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाला. रत्नागिरीस १८७१ साली 'सत्यशोधक'. बेळगावास १९१९ साली बाबूराव ठाकुरांचा 'तरुण भारत'. या सर्वांत नवल वाटावे ते मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्रा'चे. १९१० साली सुरू झालेले हे साप्ताहिक नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून निघत राहिले आणि १९६७ साली मुकुंदरावांचे निधन होईपर्यंत चालले. शेतसाऱ्याची वसुली किती झाली, हे सरकारी दप्तरात सापडेल. तो भरणाऱ्याच्या मनात काय होते, हे शोधावयाचे तर अशाच पत्राकडे वळावे लागते. दप्तराशी ज्यांचा रोजचा संबंध, त्या आपल्या वाचकांना हा भेद निराळा सांगावयास नको.

आपण राहतो त्याच शहराचे उदाहरण घ्या. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू'त रेखाटले, आणि १९२२ साली राजवाड्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह तो ग्रंथ प्रसिद्ध केला. राजसभेचे वर्णन कवी करून गेला. तिच्या मागोमाग दक्षिणेत आलेल्यांच्या मूळ गावांचे वर्तमान आठवड्याला छापून ठेवणारे पत्र मात्र त्या काळी नव्हते. आज तसे पत्र आहे, आणि आपण ते वाचून रद्दीत घालतो.

गावची पत्रे निःपक्षपाती असतात असे नव्हे. स्थानिक पुढाऱ्याची स्तुती त्यांत असते, जाहिरातदाराची भीडही असते. परंतु जुनी बखर वाचतानाही आपण मीठमसाला बाजूला काढतोच. शिवाय या पत्रांचा आपल्यालाच एक उपयोग आहे. आपल्या आठवणीतला गाव आपण निघालो त्या दिवशीच थांबलेला असतो. पत्रातल्या गावी नवा पूल होतो, जुनी शाळा पडते, विहिरी आटतात, पोरे शहराकडे जातात. तो गाव आपल्यासाठी थांबलेला नाही, हे सांगण्याचे धैर्य आप्तांच्या पत्रांतही क्वचितच असते.

राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा करीत हिंडले, कारण धन्यांना त्यांची किंमत नव्हती. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद त्या दप्तरांइतका टिकाऊ नाही. काही वर्षांतच तो पिवळा पडून तुटू लागतो. म्हणून गावच्या पत्राचे अंक वर्षवार बांधून ठेवावेत, आणि बदली होईल तेव्हा सामानाबरोबर रद्दीवाल्याकडे न देता गावच्या किंवा येथील एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावेत. गावापासून दूर राहूनही गावाची एवढी सेवा आपल्या हातून होण्याजोगी आहे.