काशीची वाट आणि वाटखर्च

काशीला जाईन, जाईन, असे नुसते म्हणत राहिल्यानेही पुण्य पदरी पडते, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली तो पुरुष श्रद्धाळू खराच, परंतु त्याहूनही तो हिशेबी असला पाहिजे असे आम्हांस वाटते. महाराष्ट्रातून वाराणसी सुमारे दीड हजार किलोमीटर. पायी जाऊन परत येण्यात निम्मे-पाऊण वर्ष जायचे. घरचे धान्य, गाठीचे द्रव्य आणि अंगातली शक्ती ही तिन्ही एकाच वेळी जवळ असणे फार थोड्यांच्या वाट्याला येई. शक्ती असते त्या वयात सवड नसते. सवड मिळते तेव्हा गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा ज्यांना जाणे शक्यच नव्हते अशा असंख्य वृद्धांसाठी शास्त्राने नव्हे तर व्यवहाराने काढलेली ती सवलत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

हा विचार सुचतो तो शिंदे घाटामुळे. मणिकर्णिकेला लागून उत्तरेस असलेला हा घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी सुमारे १८३० साली बांधविला. बांधकाम इतके अवजड झाले की नदीकाठच्या मातीला ते पेलले नाही. घाट खचला आणि पुढे विसाव्या शतकात त्याची पुनर्रचना करावी लागली. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कलते उभे आहे, आणि त्याचा गाभारा वर्षाचे बरेच महिने पाण्याखाली असतो. कोणा मातृभक्ताने ते आईसाठी बांधले व ‘आईचे ऋण फेडले’ असे तो म्हणताच देऊळ कलले, अशी दंतकथा तेथे सांगतात. भूमीची दुर्बलता हे कारण आम्हांस पुरेसे वाटते. परंतु त्या पायऱ्यांवरून आपल्या म्हाताऱ्या आईला हात धरून उतरविणारी मराठी माणसे ही कथा मोठ्या आवडीने ऐकतात, हेही खरे. ही आई इथवर आली कशी, आणि तिचा वाटखर्च कोणी सोसला, हा प्रश्न घाट कोणी बांधला याइतकाच इतिहासाचा आहे. घाट बांधणाऱ्यांची नावे आपण पाठ केली. उतरणाऱ्यांच्या भाड्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

मराठी इतिहासातील वृद्ध यात्रेकरूला मिळालेली सर्वांत प्रसिद्ध सवलत बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई यांची. १७३५-३६ मध्ये त्यांनी उत्तरेची यात्रा केली. उदेपूर, जयपूर, मथुरा करून त्या काशी-गयेस गेल्या. पुत्राचा दरारा एवढा होता की ज्यांच्याशी त्याची लढाई, त्यांनीच मातोश्रींची बडदास्त ठेवली. सवाई जयसिंहाने त्यांचा सत्कार केला, बाजीरावाचा प्रतिस्पर्धी महंमदखान बंगश याने वाटेत संरक्षण दिले, आणि जकातीची व यात्राकराची तोशीस त्यांना लागू दिली नाही. प्रसंग हृद्य आहे आणि आमच्या इतिहासकारांनी तो अभिमानाने वर्णिला आहे. पण त्याच वर्षी त्याच वाटेवरून वाई-पैठणची एखादी अनामिक विधवा चालली असेल, तर तिला प्रत्येक नाक्यावर पैसा मोजावा लागलाच असणार. राधाबाईंना मिळालेली सूट वयाची नव्हती, पुत्राच्या पराक्रमाची होती.

मग सामान्यांनी काय करावे? त्यांनी स्वस्त आणि सुरक्षित सोबत शोधली, आणि ती म्हणजे फौज. मराठ्यांची लष्करे उत्तरेकडे निघाली की त्यांच्या आश्रयाने यात्रेकरूंचे तांडेही निघत. वाट दाखविणारे होते, चोरांचे भय कमी होते, बाजार बरोबर चालत होता. या सोबतीचे भाडे काही लागत नसे. पण एखाद्या वेळी ते एकदम आणि भयंकर वसूल होई. १७६१ च्या पानिपतावर जे बुणगे बुडाले असे आपण सहज लिहून जातो, त्यांत तीर्थयात्रेसाठी निघालेली म्हातारी माणसे पुष्कळ होती. नाना फडणीस त्या वेळी अठरा वर्षांचे होते. आई व पत्नी यांना तीर्थे घडावीत या हेतूने ते भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर गेले होते. पत्नी वाचली, आई परत आली नाही. नानांनी आपल्या आत्मवृत्तात ही कथा स्वतःच नोंदविली आहे. पुढे राज्याचा सारा कारभार ज्यांच्या हाती आला त्यांच्याही मातेस काशी-प्रयागची वाट सुरक्षितपणे लाभू नये, यावरून इतरांची कल्पना करावी.

काशी आणि प्रयाग मराठी राज्यात यावीत यासाठी पेशव्यांनी पुष्कळ खटपट केली, पण ते शेवटपर्यंत साधले नाही. देवळे, घाट आणि अन्नछत्रे यांच्या रूपाने मात्र मराठ्यांनी काशी जवळजवळ नवी केली. १७८० मध्ये अहल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे मंदिर उभारले. नागपूरकर भोसल्यांचा घाट झाला. ज्ञानवापीचा मंडप १८२८ मध्ये बायजाबाईंनीच बांधविला. म्हणजे काशीत पोहोचलेल्या गरीब मराठी माणसाच्या मुक्कामाची आणि पोटाची सोय झाली. पोहोचण्याची सोय झाली नाही. उलट इंग्रजांच्या अमलात प्रयागास संगमावर स्नान करावयाचे तर पायी आलेल्या यात्रेकरूलाही एक रुपया कर द्यावा लागे. त्या काळच्या मजुराला तो रुपया काही दिवसांच्या श्रमाचा होता. प्रयाग, गया व जगन्नाथपुरी येथील हा कर १८४० च्या दहाव्या कायद्याने बंद झाला. वाचकांस नवल वाटेल, पण स्वतंत्र भारतात १९५६ साली तीर्थक्षेत्री व जत्रेस जाणाऱ्या रेल्वे-प्रवाशांवर टर्मिनल टॅक्स बसविण्याची तरतूद करणारा कायदा संसदेने केला. यात्रेकरू आणि कर यांचे नाते इतके जुने आहे की राज्य बदलले तरी ते एकदम तुटत नाही.

रेल्वे येण्यापूर्वीचा शेवटचा मोठा मराठी वाटसरू म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. ते निघाले १८५७ मध्ये, आणि निघाले ते कर्ज फेडण्याच्या आशेने. ज्या बायजाबाईंनी शिंदे घाट बांधला त्याच आता मथुरेस मोठा यज्ञ करणार, लक्षावधी रुपये खर्चणार, दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणापर्यंत पोहोचली होती. पुढे काय झाले ते ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्यांस सांगावयास नको. बंडाच्या वणव्यात सापडून, झाशीचा वेढा व लूट डोळ्यांनी पाहून, मिळविलेले गमावून हा भिक्षुक परत आला तो गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन. आणि घरी येऊन त्याने आईवडिलांस त्या पाण्याने स्नान घातले. त्या पुस्तकातील लढायांची वर्णने लोक पुनःपुन्हा वाचतात. आम्हांस ही कावड अधिक बोलकी वाटते. वृद्धांना गंगेपर्यंत नेता येत नव्हते, म्हणून गंगा शेकडो कोस खांद्यावरून वृद्धांपर्यंत आणावयाची, एवढाच उपाय १८५७ पर्यंत एका गरीब ब्राह्मणाच्या हाती होता.

अवघ्या दहा-बारा वर्षांत हे चित्र पालटले. १८७० च्या मार्चमध्ये जबलपूर येथे दोन लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबईहून प्रयाग-मोगलसराईकडे अखंड गाडी सुरू झाली. वाराणसीत शिरण्यास मात्र अजून नदी आडवी होती. पलीकडच्या तीरावर उतरून गंगा ओलांडावी लागे. राजघाटाचा पूल १८८७ मध्ये झाला. त्या वेळी त्याचे नाव डफरिन पूल. आज तो मालवीय पूल म्हणून ओळखला जातो. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला आणि तिसऱ्या वर्गाचे तिकीट हे कावडीपेक्षा, तट्टापेक्षा, बैलगाडीपेक्षाही स्वस्त ठरले. त्या डब्यातील हालांचे वर्णन करण्यास लेखणी अपुरी पडते. गर्दी, घाण, अंधार, सारे होते. तरीही ज्या म्हाताऱ्या बाईला दोन कोस चालवत नव्हते, ती आता स्वतःच्या पैशाने काशीला जाऊन येऊ शकत होती. आमच्या मते हा फरक कोणत्याही लढाईच्या जयापराजयाहून लहान नाही.

तिसऱ्या वर्गाची ही प्रतिष्ठा प्रथम ओळखणाऱ्यांत एक मराठी पुरुष होते. १९०२ मध्ये गांधीजी कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने, वाटेत काशीस उतरत, निघाले तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले त्यांना निरोप देण्यास स्टेशनवर आले. पहिल्या वर्गाने जाणार असता तर मी आलो नसतो, अशा अर्थाचे ते बोलले, आणि खाद्यपदार्थांनी भरलेला पितळी डबा त्यांनी बरोबर दिला. त्या साऱ्या प्रवासास भाड्यासह एकतीस रुपयांहून अधिक खर्च आला नाही, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. काशीच्या पंड्यालाही त्यांनी सव्वा रुपयाहून अधिक देता येणार नाही असे आधीच बजावले होते. वाटखर्चाची इतकी चोख नोंद आमच्या एखाद्या संस्थानिकाच्या यात्रेत सापडली असती तर किती उपकार झाले असते!

तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द होऊन दुसऱ्यात विलीन झाला. त्यानंतरच्या काळात ज्येष्ठांस जी भाडेसवलत मिळू लागली ती या साऱ्या इतिहासात अगदी नव्या जातीची होती. २०११ पासून साठ वर्षांवरील पुरुषास भाड्यात चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रीस पन्नास टक्के सूट होती. खिडकीवरचा कारकून मुलगा कोण, सरदार कोण, जात कोणती, यजमान कोण, हे काही विचारीत नसे. जन्मसाल विचारीत असे. राधाबाईंना जे पराक्रमी पुत्रामुळे मिळाले, ते वाई-पैठणच्या अनामिक विधवेच्या पणतीला केवळ तिच्या पांढऱ्या केसांमुळे मिळाले.

ही सवलत २० मार्च २०२० रोजी, करोनाच्या साथीत वृद्धांनी अनावश्यक प्रवास टाळावा या कारणाने, काढून घेण्यात आली. ते कारण तेव्हा रास्त होते. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत भरून धावू लागल्या. दिव्यांग, काही रोगांचे रुग्ण व विद्यार्थी यांच्या सवलती राहिल्या, ज्येष्ठांची परत आली नाही. शासनाची बाजूही वाचकांपुढे ठेवली पाहिजे. प्रवासी वाहतुकीचा खर्च शंभर रुपये असेल तर तिकिटातून चौपन्नच वसूल होतात, म्हणजे प्रत्येक प्रवाशास शेहेचाळीस टक्के सूट आधीच मिळते, असे उत्तर २०२४ च्या अखेरीस संसदेत देण्यात आले. हिशेब खोटा नाही. परंतु सर्वांना सारखीच मिळते ती सूट वृद्धाला वृद्ध म्हणून मिळाली असे कसे म्हणावे?

महाराष्ट्रात या काळात उलट दिशेने पावले पडली. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या राज्य परिवहनाने २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पार केलेल्यांस विनामूल्य प्रवास दिला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांस अर्धे भाडे ठेवले. २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट केले. लाल गाडी ओळखत नाही असे म्हातारे माणूस आता महाराष्ट्रात शोधून सापडावयाचे नाही. पण या सवलतीला सरहद्द आहे. चिपळूणची पंचाहत्तर वर्षांची आजी एक पैसाही न देता एस.टी.ने नाशिकपर्यंत, हवे तर भुसावळपर्यंत जाऊ शकते. तेथे महानगरी एक्स्प्रेसमध्ये पाऊल ठेवताच खांडवा, इटारसी, जबलपूर, माणिकपूर या सगळ्या वाटेचे पूर्ण भाडे तिला द्यावे लागते. वयामुळे खालचा बाक मिळण्यास प्राधान्य आहे, भाड्यात काही नाही. आणि सरहद्दीपलीकडे इंदूर-ग्वाल्हेर-जबलपुरास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी लोकांच्या दारात तर ती फुकट गाडी येतच नाही.

२०२४ च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली. साठ वर्षांवरील आणि वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीस तीर्थयात्रेसाठी तीस हजार रुपयांपर्यंतचा खर्च मिळावा, अशी ती योजना. तिला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. ज्यांना ती लाभेल ते सुखाने जावोत. फक्त एवढे दिसते की येथे पुन्हा अर्ज आला, उत्पन्नाचा दाखला आला, निवड आली, आणि ठरलेल्या तांड्याबरोबर ठरलेल्या दिवशी जाणे आले. अन्नछत्राच्या पंगतीत बसणे आणि स्वतःच्या कनवटीचे पैसे मोजून अर्ध्या भाड्याचे तिकीट काढणे या दोहोंत म्हाताऱ्या माणसाच्या मनाला जाणवणारा एक भेद आहे. दुसऱ्या प्रकारात तो केव्हा जावयाचे, कोणाबरोबर जावयाचे आणि काशीत किती दिवस राहावयाचे हे स्वतः ठरवितो.

रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीने २०२२ मध्ये असे सुचविले होते की सर्व वर्गांत शक्य नसेल तर निदान शयनयान आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात तरी ज्येष्ठांच्या सवलतीचा फेरविचार व्हावा. शयनयान हा त्या जुन्या तिसऱ्या वर्गाचाच वारसदार आहे. याच डब्यातून रात्रभर बसलेली-निजलेली माणसे दुसऱ्या दिवशी मोगलसराई सोडून, जिचे नाव २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आहे, राजघाटच्या पुलावर येतात. पूल ओलांडताना डाव्या हाताच्या खिडकीतून गंगेचे वळण आणि घाटांची चंद्रकोर दिसते. आणि बहुतेक वेळा डब्यातले एखादे वृद्ध माणूस चपला काढून, बाकाला धरून उभे राहते.