"आमच्या गावात असं एकबी पोर नाही"

मागच्या महिन्यात बातमीसाठी एका गावात गेलो होतो. वस्ती चार हजारांची. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं किती, म्हणून विचारलं. सरपंच म्हणाले, "आमच्याकडं एकबी नाही." तेवढ्यात एक पोरगा चहा घेऊन आला. चौदा-पंधराचा असेल. माणसं चार, कप तीनच. दोनदा मोजले तरी त्याला मेळ लागेना. सरपंच हसले, "ह्यो व्हय? ह्यो जरा साधा हाय."

हे 'एकबी नाही' फार जुनं आहे. इंग्रजांच्या काळात, १८८१ ते १९३१, जनगणनेत आंधळे, मुके-बहिरे, महारोगी आणि वेडे यांची नोंद व्हायची. जन्मापासून समज कमी असलेलं लेकरू मोजलंच गेलं तर 'वेड्यां'त. कुठली आई तसं लिहून देईल? स्वातंत्र्यानंतर देशभर हा प्रश्न विचारणंच बंद. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, म्हणून प्रश्न परत आला, पण फक्त अंध, पांगळे आणि मुके यांच्यापुरता. १९९१ ला पुन्हा गायब. २००१ मध्ये मतिमंद आणि मनोरुग्ण एकाच 'मानसिक' सदरात. दोघं वेगळे झाले थेट २०११ ला!

तेव्हा १२१ कोटींत आकडा आला १५ लाखांचा. म्हणजे आठशे माणसांत एक. जगभरच्या अभ्यासांचा ढोबळ अंदाज मात्र शंभरात एक, मुलांमध्ये त्याहून जास्त. त्या गावात मग पाच जण की चाळीस?

इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात डॉ. लुईस यांनी गावोगावच्या शाळांतून शोध घेतला. दहा ते चौदा वयाच्या मुलांत प्रमाण हजारी पंचवीसच्या आसपास निघालं, मोठ्या माणसांत मात्र बरंच कमी. मोठेपणी ती बरी झाली होती असं थोडंच आहे? शाळा सुटली, कामाला लागली, नजरेआड झाली. सौम्य अक्षमता शाळेत दिसते. आपल्याकडं प्रगणक दारात उभा राहून विचारतो, घरात कुणी अपंग आहे का? नाही म्हटलं की पुढचे रकाने कोरे. हातपाय धड असलेल्या पोराला अपंग कोण म्हणणार?

आणि आकडा नसेल तर विशेष शिक्षक, थेरपी, पेन्शन मागायचं कशाच्या जोरावर?

आता पुन्हा जनगणना आहे. त्या पोराच्या आईला भेटून आलोय. प्रगणक आला की सगळं सांगते म्हणाली. सरपंचांना मात्र अजून पटलेलं नाही.