टाइपरायटरची घडण आणि निगा

घरांत जुना टाइपरायटर सांपडला आणि त्याचीं अक्षरें अडखळूं लागलीं, कीं बहुधा प्रथम तेलाची कुपी शोधली जाते. हा उपाय नव्हे, अपाय आहे. तो कसा, हें कळण्यास या यंत्राचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं ख्रिस्तोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनीं सिद्ध केलेलें यंत्र रेमिंग्टन कंपनीनें इ. स. १८७४ मध्यें विक्रीस आणलें. ही कंपनी बंदुका व शिवणयंत्रें बनवीत असे. त्यामुळें पहिला टाइपरायटर शिवणयंत्राच्याच घडवंचीवर बसविलेला होता, आणि पायानें फळी दाबली म्हणजे कॅरेज मागें येई. त्यांतील अक्षरदांड्या रबरी रुळाखालीं वर्तुळाकार टांगलेल्या असून खालून वर आघात करीत. परिणामीं आपण काय लिहिलें हें लिहिणारास दिसत नसे. तें पाहण्यास कॅरेज उचलावें लागे.

ही अडचण फ्रान्झ वॅग्नर याच्या रचनेनें दूर झाली. त्याचें पेटंट १८९३ सालचें. अंडरवुड नांवानें प्रसिद्धीस आलेल्या या यंत्रांत दांड्या पुढच्या बाजूस अर्धवर्तुळांत आडव्या राहात व रुळावर समोरून आघात करीत. लिहिलेली ओळ डोळ्यांपुढें राहूं लागली, आणि पुढें बहुतेक कारखान्यांनीं हीच रीत उचलली.

तथापि या सोयीबरोबर एक नवी काळजी आली. दांड्या ज्या धातूच्या अरुंद खांचांत फिरतात, त्या आतां वरून उघड्या पडल्या. धूळ व खोडरबराचा चुरा त्यांतच सांचतो. खोडण्यापूर्वीं कॅरेज एका बाजूस सरकविण्याचा दंडक टंकलेखनाच्या वर्गांत होता, तो याचसाठीं. अशा खांचांत तेल गेलें, कीं धूळ चिकटून त्याची खळ होते आणि वर गेलेली दांडी खालीं येत नाहीं.

म्हणून प्रथम कोरड्या ब्रशानें धूळ काढावी. नंतर थोडें स्पिरिट ब्रशास लावून खांचा धुवाव्या व प्रत्येक दांडी हातानें अनेकदां वरखालीं करावी. हें काम खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर करावें. स्पिरिट रंगावर पडूं देऊं नये. अक्षरांच्या पोकळींतील वाळलेली शाई ताठ ब्रशानें निघते. तेल द्यावयाचें तर कॅरेजच्या रुळांवर नांवापुरतेंच, आणि पुसून. मात्र रबरी रूळ दगडासारखा कठीण झाला असेल, तर त्यावर नवें रबर चढविणें हाच मार्ग.

मुंबईच्या गोदरेज कारखान्यानें १९५५ सालीं भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि २००९ मध्यें त्याचें उत्पादन थांबविलें. तेव्हांपासून अशा यंत्राचा सुटा भाग हवा असल्यास तो बहुधा दुसऱ्या जुन्या यंत्रांतूनच काढावा लागतो. केवळ खांचा मळल्या म्हणून भंगारांत गेलेलें यंत्र म्हणजे दुहेरी हानि होय : तें स्वतः वांचलें असतें, किंवा त्याच्या अवयवांनीं दुसरें वांचलें असतें. तेव्हां भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एक तास ब्रशास द्यावा, इतकीच विनंति.