अवसाद-चिकित्सा : संशोधनाचा इतिहास
अवसाद (दीर्घकाळ टिकणारी खिन्नता व निरुत्साह) आणि द्विध्रुवी विकार (अवसाद व उन्माद यांचे आलटून-पालटून येणारे झटके) यांच्या आधुनिक औषधोपचारांचा पाया १९४९–५७ या काळात घातला गेला. या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे.

मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधा वनस्पतीचा होणारा उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात मांडला. तिच्या मुळांतील रेसर्पीन हे अल्कलॉइड १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अलग करण्यात आले. न्यूयॉर्क येथे नेथन क्लाइन यांनी ते तीव्र मनोविकृतींवर वापरले. १९५७ मध्ये वकील व क्लाइन या दोघांनाही लास्कर पारितोषिक मिळाले.

तथापि रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचे आढळले. हे द्रव्य शरीरातील सेरोटोनिनाचा साठा घटविते, असे १९५५ मध्ये दिसून आले. याउलट क्षयरोगावरील इप्रोनियाझिड अशा द्रव्यांचे विघटन रोखते व खिन्नता कमी करते, असे आढळले. त्यावरून मेंदूतील अशा द्रव्यांची न्यूनता हे अवसादाचे कारण असावे, असे गृहीतक पुढे आले. नंतरच्या परीक्षणात रेसर्पिनाविषयीचा पुरावा दुबळा ठरला आणि हे गृहीतकही अपुरे मानले गेले; त्यातून शोधलेली औषधे मात्र अनेक रुग्णांना उपयुक्त ठरली.

१९४९ मध्येच ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमाचा वापर केला. द्विध्रुवी विकारात ते आजही प्रमुख औषध आहे. मात्र मात्रा वाढल्यास विषबाधा होत असल्याने रक्तातील त्याचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते.