डॉक्टरांची एमजी आणि ॲम्बेसेडरचं काळीज

परवा रविवारी पाटण रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर एक गंमत झाली. पंपावरच्या पोराने डॉक्टरांच्या गाडीच्या नाकावरचं चिन्ह बघितलं आणि विचारलं, "काका, ही एमजी? चार्जिंगची का?"

डॉक्टर हसून म्हणाले, "नाही रे बाळा, ही ढकलायची."

कराडमधल्या बऱ्याच जणांनी ही गाडी कधी ना कधी बघितली असेल. लाल, ठेंगणी, दोनच सीटची, टप उघडा. आमच्या लहानपणी ती रस्त्यावर दिसली की आम्ही पोरं सायकली घेऊन मागे लागायचो, आणि कधी कधी गाठायचोसुद्धा. कारण ती मध्येच बंद पडलेली असायची. डॉक्टरांच्या वडिलांनी १९६९ साली मुंबईत ती जुनीच विकत घेतली. मॉडेल १९५७ चं, नाव एमजीए. डॉक्टर आता सत्तरीच्या पुढे आहेत, दवाखाना बंद केलाय, पण दर रविवारी गाडी बाहेर निघते. परवा मला सोबत घेतलं. त्या निमित्ताने हे लिहितोय, कारण या गाडीमागे एक प्रश्न आहे, आणि तो एकट्या डॉक्टरांचा नाही.

आधी थोडा इतिहास.

आज एमजी म्हटलं की आपल्याला २०१९ साली आलेली हेक्टर आठवते. गुजरातच्या हालोलमधला कारखाना, मालकी चिनी कंपनीची, आता त्यात आपल्याकडच्या जेएसडब्ल्यूचीही भागीदारी. पण एमजी म्हणजे मुळात 'मॉरिस गॅरेजेस'. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला विल्यम मॉरिसचं गाड्या विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचं हे नाव. १९२२ मध्ये सेसिल किंबर हा माणूस तिथे मॅनेजर झाला. त्याने मॉरिसच्या साध्या घरगुती गाड्या घ्यायच्या, त्यांच्यावर हलकी, देखणी बॉडी चढवायची आणि जरा जास्त पळवायच्या, असा उद्योग सुरू केला. सगळी एमजी परंपरा यातून उभी राहिली. १९२९ मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावात गेला. फेरारीसारखं सगळं स्वतंत्र, सगळं खास, असं एमजीचं कधीच नव्हतं. पोटात घरगुती गाडीचे भाग आणि वरून मजेचा साज, असा तो मामला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालेला होता. जो कारखाना निर्यात करील त्याला पोलाद आधी, असं सरकारी धोरण होतं. इंग्लंडमध्ये राहून गेलेल्या अमेरिकन सैनिकांना या छोट्या गाड्यांचं वेड लागलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं. सप्टेंबर १९५५ मध्ये एमजीए आली. खरं तर तिचा नमुना त्याआधी तीन वर्षं तयार होता. पण १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र होऊन बीएमसी कंपनी झाली, आणि तिचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी नुकताच ऑस्टिन-हीलीचा करार केलेला होता. दुसरी स्पोर्ट्स कार कशाला, म्हणून त्यांनी एमजीला थांबवून ठेवलं. उशिरा का होईना, आली. १९६२ पर्यंत तिच्या १ लाख १ हजारांवर गाड्या बनल्या आणि त्यातल्या दहातल्या नऊपेक्षा जास्त परदेशी गेल्या.

आता तिच्यातल्या खोड्या ऐका.

दाराला बाहेरून हँडल नाही. आत हात घालायचा आणि दोरी ओढायची. काचा नाहीत, पावसात बाजूचे पडदे लावायचे, तरी पाणी आत येतंच. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये. पायाखाली प्लायवूडच्या फळ्या. इंजिनची सगळी धग थेट पायांवर, आणि आपल्याकडचा एप्रिल काय असतो ते सांगायला नको. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या अशा ठिकाणी बसवल्यात, की त्यांच्यात पाणी घालायचं म्हणजे योगासनं आली. रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक पोटाला घासून जातो.

परवा पंपावरून निघून दहा-बारा किलोमीटर गेलो आणि गाडी आचके देऊन गप्प झाली. डॉक्टरांनी चावी बंद करून पुन्हा फिरवली आणि कान दिला. "टिकटिक नाही," म्हणाले. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो, मागच्या बाजूला खाली असतो, आणि चावी फिरवली की घड्याळासारखा टिकटिकतो. टिकटिक नाही म्हणजे पंपाचे पॉइंट अडकले. डॉक्टर खाली उतरले, गुडघ्यावर बसले, गाडीखाली हात घातला आणि पान्याच्या मुठीने पंपाला दोन टोले दिले. टिक, टिक, टिक. गाडी सुरू! बहात्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर दहावी पास झालेल्या पोराचा आनंद होता.

मी विचारलं, "नवीन पंप का नाही बसवत?"

"अरे, मग मी काय करू?" डॉक्टर म्हणाले.

ही गाडी घ्यायचा आनंद काय, ते मला तिथे रस्त्याच्या कडेला कळलं. माझ्या स्वतःच्या गाडीत लाल दिवा लागला की मी शोरूमला फोन करतो, ते लॅपटॉप लावतात आणि बिल देतात. काय बिघडलं, हे मला शेवटपर्यंत कळत नाही. डॉक्टरांना त्यांच्या गाडीचा प्रत्येक आवाज कळतो. चाळीस वर्षं पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, आता हिला लावतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

१९८४ साली या गाडीच्या इंजिनचा ब्लॉक तडकला. तेव्हा परदेशातून इंजिन मागवणं म्हणजे परवाने, जकात आणि डोक्याला ताप. मग आमच्या मिस्त्रींनी, तेव्हा ते पंचविशीतले होते, एका मोडीत निघालेल्या ॲम्बेसेडरचा ब्लॉक आणला आणि बसवला. बसला! कसा नाही बसणार? ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचंच भारतीय रूप. १९५० च्या दशकाच्या शेवटी उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिला जे नवं इंजिन मिळालं ते बीएमसीच्या 'बी सिरीज'चं, १४८९ सीसी. आणि एमजीएचं पहिलं इंजिनही त्याच घराण्याचं, तेवढ्याच सीसीचं. एमजीला दोन कार्बोरेटर आणि सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर, ॲम्बेसेडरला एकच कार्बोरेटर आणि साधारण पंचावन्न. एक बहीण नाचात गेली, दुसरी सरकारी नोकरीत, एवढाच फरक.

म्हणजे ज्या इंजिनावर आपले मंत्री, कलेक्टर आणि वडापवाले फिरले, त्याच जातीच्या इंजिनावर अमेरिकेतली तरुण पोरं समुद्रकाठी फिरत होती. आणि आपल्या गावोगावच्या मिस्त्रींना हे इंजिन डोळे झाकून येत होतं. परदेशी गाड्यांची आयात आवळली गेल्यावर इथे उरलेल्या कितीतरी एमजी अशाच ॲम्बेसेडरच्या सामानावर जगल्या. पिस्टन रिंग, बेअरिंग, गॅस्केट, कुठे थोडं घासून, कुठे जुळवून.

आता कायदा बघा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार. रोजच्या वापराला मनाई, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. अशा गाड्यांना वारसा म्हणून पहिल्यांदाच कागदोपत्री जागा मिळाली. पण त्यात एक अट आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा.

इथे डॉक्टरांचा हात थांबलाय. अर्ज करायचा म्हणतात, पण १९८४ चं काय लिहायचं? खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने चांगली किंमत देऊ केली आहे. तो म्हणतो, ॲम्बेसेडरचा ब्लॉक काढून टाकतो, इंग्लंडहून एमजीचं इंजिन आणतो, म्हणजे गाडी 'ओरिजिनल' होईल. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते तिथेच होते. हात पुसत एवढंच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चाळीस वरसं पळाली की ती. आणि काय ओरिजिनल पाहिजे?"

अट घालण्यामागचं कारण मला समजतं. उद्या कुणीही नव्या गाडीला जुना पत्रा ठोकून विंटेज म्हणून नंबर मागेल. पण 'मूळ' म्हणजे काय, हा प्रश्न एमजीच्या मायदेशातही सोपा नाही. ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये कायमचा बंद झाला. गावाने एमजीच्या ५० वर्षांचा उत्सव केला आणि लगोलग बंदीची घोषणा झाली, अशी त्याची कहाणी. त्यानंतर १९८८ पासून इंग्लंडमध्ये एमजीए नंतरच्या एमजीबी या मॉडेलच्या नव्या कोऱ्या बॉड्या जुन्या साच्यांवरून काढून विकल्या जाऊ लागल्या. लोकांनी गंजलेल्या गाड्यांचं सामान काढून त्यात बसवलं आणि गाड्या वाचवल्या.

माझं मत सांगतो. आपल्याकडे ज्या गाड्यांना कुणी हात लावला नाही, त्यातल्या बहुतेक शेडमध्ये गंजून भंगारात गेल्या. ज्या जगल्या त्या मिस्त्रींच्या हातामुळे जगल्या. डॉक्टरांच्या गाडीतला ॲम्बेसेडरचा ब्लॉक हा डाग नाही, तो आपल्या टंचाईच्या काळाचा इतिहास आहे. त्या काळात त्याच घराण्याच्या इंजिनने केलेली दुरुस्ती, तिची नोंद असेल तर, नियमात मान्य व्हायला हवी.

आणि नोंद आहे! डॉक्टरांच्या वडिलांनी १९६९ पासून एक वही ठेवली, ती अजून चालू आहे. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, खर्च किती. १९८४ चं पानही त्यात आहे, मिस्त्रींच्या सहीसकट. मी डॉक्टरांना म्हटलं, अर्ज करा, खरं ते लिहा आणि या वहीची प्रत जोडा. काय उत्तर येतं ते बघू. आलं की इथे कळवतो.

तुमच्याही घरात जुनी गाडी असेल, स्कूटर असेल, जीप असेल, तर तिची बिलं रद्दीत घालू नका. ती ज्यांनी जिवंत ठेवली त्या मिस्त्रीचं नाव एका कागदावर लिहून ठेवा. आमचे मिस्त्री आता पासष्टीला आलेत. पोरगा साताऱ्याला शोरूममध्ये आहे, त्याला कार्बोरेटर खोलता येत नाही, आणि त्याची काही चूकही नाही.

परवा घरी परतल्यावर डॉक्टरांनी आधी वही काढली, मग चहा सांगितला. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं: "पंप अडकला. पाना मारला. सुरू. खर्च नाही. सोबत पत्रकार."