दारूगोळा घरीं करावा कीं विकत घ्यावा ? मराठेशाहींतील एक व्यवहारप्रश्न

मराठ्यांच्या युद्धसाहित्याविषयीं दोन परस्परविरुद्ध विधानें वारंवार केलेलीं आढळतात. एक पक्ष म्हणतो, दारूगोळ्यासाठीं मराठे टोपीकरांच्या तोंडाकडे पाहत राहिले. दुसरा म्हणतो, सर्व साहित्य स्वदेशींच होत होतें, उणें कशाचेंच नव्हतें. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ प्रश्नास बगल देतात. दारूगोळा घरीं करणें हिताचें होतें काय, आणि असल्यास कोणत्या अंगानें, हा तो प्रश्न होय.

प्रथम द्रव्यें पाहूं. बंदुकीच्या दारूस सोरा, गंधक व कोळसा लागतो. शुक्रनीतींत पांच पल सोरा, एक पल गंधक व रुई, निवडुंग इत्यादिकांचा एक पल कोळसा असें प्रमाण सांगितलें आहे. म्हणजे शेंकडा सुमारें ७१ भाग सोरा झाला. इंग्रजांत पुढें रूढ झालेलें प्रमाण ७५, १० व १५ असें होतें. या साम्यावरून प्राचीन भारतांत तोफा होत्या असें म्हणण्याचा मोह पडतो. परंतु उपलब्ध शुक्रनीति अर्वाचीन, कांहीं विद्वानांच्या मतें तर एकोणिसाव्या शतकांतील, असल्यामुळें तो आधार टिकत नाहीं.

कोळसा गांवोगांव मिळे. सोरा जुन्या वस्तीच्या खारट मातींतून धुऊन व आटवून काढतां येई. पण उत्तम सोऱ्याची मोठी पेठ बिहारांत होती, आणि १७५८ त तेथील मक्ता इंग्रज कंपनीच्या हातीं गेला. गंधक बहुतांशीं समुद्रमार्गें येई. तेव्हां दारू घरीं कुटली म्हणजे परावलंबन संपतें असें नाहीं. तें एक पायरी मागें सरतें, इतकेंच.

मग लाभ कोणता ? आम्हांस तीन दिसतात. पहिला मापाचा. त्या काळच्या तोफांचीं तोंडें एकसारखीं नसत. गोळा लहान पडला तर जोर बाजूनें निसटतो, मोठा झाला तर आंत जात नाहीं. परक्याच्या वखारींतील गोळा स्वस्त मिळाला तरी आपल्या तोफेस न बसल्यास तें केवळ लोखंड. म्हणून गोळे तोफेजवळच, तिच्या मापानें होणें श्रेयस्कर.

दुसरा लाभ जतनेचा. दारू हवेनें सर्दते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें इ. स. १७१५) दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आणि हवालदारानें आठां पंधरां दिवसांनीं दारू बाहेर काढून, उन्हें देऊन, पुन्हां मुद्रा करून ठेवावी, अशी ताकीद आहे. ज्यास दारू करतां येते त्यासच बिघडलेली दारू सुधारतां येते. केवळ विकत घेणारास ती टाकून द्यावी लागते.

तिसरा लाभ राजकारणाचा. १६६० त सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन आपला दारूगोळा घेऊन त्याच्या साह्यास गेला. १६६१ त शिवाजीमहाराजांनीं राजापूर लुटून त्यास कैद केलें. विकणारा उद्यां शत्रूच्या मोर्च्यांत उभा राहूं शकतो, हा धडा त्यांत होता. आरमार, बंदुका व दारूगोळा हेंच टोपीकरांचें बळ, हें आज्ञापत्रकारांनीं ओळखलें होतें.

परंतु घरच्या कामास मर्यादाही होती. नुसती कुटलेली भुकटी वाहतुकींत द्रव्यागणिक विलग होते व लवकर सर्दते. ओलवून दाणे पाडलेली दारू टिकते व सारखी जळते. असा सारखेपणा शिस्तीच्या कारखान्यानेंच येतो. महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयनच्या हाताखालीं सँगस्टर नांवाच्या स्कॉट कारागिरानें आग्र्यास तोफा ओतल्या, आणि उत्तम बंदुका अवघ्या दहा रुपयांस एक याप्रमाणें तयार केल्या. किंमतीच्या दृष्टीनें याहून किफायत ती कोणती ? तथापि १८०३ च्या ऑक्टोबरांत आग्रा इंग्रजांनीं घेतलें, आणि शहराबरोबर कारखानाही गेला. विद्या एका स्थळीं व थोड्या परक्या हातांत राहिली, तर घरचा कारखानाही विकतच्या मालासारखाच परस्वाधीन होतो.

सारांश, दारूगोळा घरीं करणें मराठ्यांस हिताचें होतें. पण तें पैसे वांचतात म्हणून नव्हे, तर माप, जतन व स्वाधीनता यांसाठीं. आणि तेंही सोरा, गंधक व कारागीर हातीं असेपर्यंतच.

संग्राहकांस एक विनंति. जुन्या दप्तरांत सोऱ्याची खरेदी, शिशाचें वजन, दारूचें प्रमाण असे सुटे कागद सांपडतात. फारशींत ‘दारू’ म्हणजे औषध. त्यामुळें असा कागद वैद्यकाचा समजून बाजूस पडण्याचा संभव फार. सोरा व गंधक हीं नांवें दिसतांच तो पुन्हां वाचावा. लढायांच्या बखरी पुष्कळ जपल्या गेल्या. त्या लढाया ज्या हिशेबावर झाल्या, तो या चिटोऱ्यांत आहे.