शब्बाथ नेमका कोणत्या वारी?

शुक्रवारी संध्याकाळी मामा रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. सूर्य पाण्याला टेकला की घराकडे वळायचा. तिथून त्याचा शब्बाथ लागे, तो शनिवारी सूर्य बुडेपर्यंत. त्याआधी मामीच्या भाकऱ्या थापून झालेल्या असत, पाणी भरलेलं असे, पांढरा सदरा घडी घालून ठेवलेला असे. शनिवारी पैशाला हात लावायचा नाही, बाजाराला जायचं नाही.

मामा पुण्याला सॅलिसबरी पार्कातल्या, शनिवार पाळणाऱ्या अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती लोकांच्या छापखान्यात कंपोझिटर होता. खिळे जुळवता जुळवता त्याने तो मजकूर मनावर घेतला आणि रत्नागिरीला परतला तो शनिवारवाला होऊनच. चहा सुटला, कोळंबी आणि कुर्ल्या सुटल्या, कारण लेवीयच्या पुस्तकाप्रमाणे पंख आणि खवले असलेलाच मासा चालतो. आजी रविवारच्या उपासनेतली. तिला कुर्ल्यांचं काही वाटलं नाही, पण लेक रविवारी आपल्या शेजारी बाकावर बसत नाही याचं दुःख तिने शेवटपर्यंत बाळगलं.

भांडण मुळात शब्दातच होतं. मराठी बायबलात ‘शब्बाथ’ म्हणजे सातवा दिवस, शनिवार. पण आमच्या मंडळीत रविवारच्या मुलांच्या वर्गाला ‘शब्बाथशाळा’ म्हणायचे. मामा शनिवारी भरवायचा तीही शब्बाथशाळाच. लहानपणी मी दोन्हीकडे जायचो आणि दोन्हीकडे चौथी आज्ञा तोंडपाठ म्हणून दाखवायचो. वार कोणता, हे आज्ञेत स्पष्ट आहे, तरी आपण रविवारी का जमतो, हा माझा प्रश्न कोणाला आवडत नसे.

उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडलं. स्कॉटिश मिशनरी 1823 साली बाणकोटला आले, मग हर्णैला. पुढे 1873 मध्ये रत्नागिरीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आलं. दोघांची शिकवण एकच. 1647 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राप्रमाणे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापासून शब्बाथ आठवड्याच्या पहिल्या दिवशी आला. म्हणजे त्यांनी शनिवारचं नाव आणि शनिवारची शिस्त, दोन्ही उचलून रविवारवर ठेवली. आमच्या आजीचा रविवार म्हणूनच मामाच्या शनिवारइतकाच कडक होता. तिनेही त्या दिवशी कधी सुईदोरा हातात घेतला नाही.

गंमत वाटते ती भूगोलाची. बाणकोटहून सावित्री ओलांडली की बेने इस्रायलांची गावं सुरू होत. ते ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्बाथ आमच्या किनाऱ्यावर पाळला जात होता आणि त्यावरून कोणाच्या घरात फूट पडली नव्हती.

मामा म्हणायचा, रविवार कॉन्स्टंटाइनने लादला. 321 सालच्या मार्चमध्ये त्या रोमन बादशहाने शहरांत रविवारची सुट्टी ठरवली, हे खरंच. शेतकऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. पुढे लाओदिकीयाच्या परिषदेने शनिवारी विसावा घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाला दोष दिला. म्हणजे तोवर शनिवार पाळणारे ख्रिस्ती लोक होतेच. पण त्याच्या कितीतरी आधी, 150 च्या सुमारास, जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय. तिथे मामाचं चुकत होतं. इथिओपियाच्या चर्चने तर 1450 मध्ये दोन्ही दिवस मान्य केले. हे आजीला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मामेभावाच्या परीक्षेचा एक पेपर शनिवारी आला. कॉलेजने तारीख बदलली नाही, तो बसला नाही, वर्ष गेलं. मामाने मुलावर आवाज चढवला नाही की कॉलेजला शिव्या दिल्या नाहीत. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा धक्क्यावर गेला, शब्बाथ उतरेपर्यंत उभा राहिला आणि परतताना मुलासाठी खाजा घेऊन आला.

मी आजही रविवारी उपासनेला जातो, पुनरुत्थानाच्या दिवशी जमावं असं मनापासून मानून. पण ‘शब्बाथ’ हा शब्द शनिवारचा आहे. तो आम्ही शनिवारवाल्यांकडून घेतलाय, हे आपल्या मंडळ्यांनी मुलांना सरळ शिकवावं. आणि परीक्षांच्या तारखा ठरवणाऱ्यांना विनंती, शनिवारी न येणाऱ्या मुलासाठी दुसरा एक दिवस ठेवा.